अळूला गेलेला काढा

भाद्रपद वद्य पंचमी, हैदराबाद सरकारच्या हिशेबानं आबान महिना. बऱ्याच दिवसांनी नांदेडात कडक ऊन पडलं होतं आणि मी दुकानामागच्या ओट्यावर सराटे बडवत होते. विष्णुपुरीकडच्या बाया पडीक रानातून सराटे वेचून आणतात. ते वाळवायचे, जाड गोणपाटात घालायचे आणि दांड्यानं बडवायचे, म्हणजे काटे मोडतात. शेतकऱ्याच्या पायात असतो तोवर तो सराटा, माझ्या पुडीत आला की गोखरू, आणि हकीमसाहेबांच्या चिठ्ठीवर चढला की खारेखसक. माल एकच. तिघांचीही त्याच्याबद्दल एकच समजूत आहे, की त्यानं लघवी साफ होते.

माझं दुकान काष्ठौषधींचं. सासऱ्यांनी घातलेलं, नवरा गेल्यावर माझ्याकडे आलं. बाईमाणूस दुकानात कशी बसते हे बघायला आधी लोक येत, मग घ्यायलाही येऊ लागले. औषधाची माहिती मात्र माहेरची. लातूरला माझे वडील वैद्यकी करत आणि कुटायचं काम आम्हा बहिणींकडे असे. कुटताना कान मोकळे असतात, त्यामुळे बरंच कानावर पडलं.

लघवीच्या तक्रारी घेऊन बाया वैद्याकडे जात नाहीत, डॉक्टरकडे तर नाहीच. माझ्याकडे येतात आणि धने मागतात. धने कुणाच्या घरात नसतात? घरात असलेली वस्तू दुकानात मागणारी बाई दिसली, की मी तिला आत बोलावते. मग हळूच निघतं, ‘उन्हाळी लागली आहे.’ आग होते, थेंबथेंब होतं, कंबर धरते. मी गोखरू, धने आणि वाळा एकत्र देते. पायावर सूज असेल तर घेटुळीचं मूळ, जिला पुस्तकात पुनर्नवा म्हणतात. खडा असेल तर वायवर्ण्याची साल आणि कुळथाचं कढण. तटलंच तर पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर बांधायची. एवढाच माझा दारूगोळा.

पण त्याआधी वडिलांचा एक नियम पाळायचा. ते म्हणत, ‘विहिरीत पाणीच नाही, की मोटेचा दोर तुटलाय, ते आधी बघ.’ म्हणजे ओटीपोटावर हात ठेवून बघायचं. पोट ताठ, भरलेलं लागलं, तर पाणी आहे पण वाट बंद आहे. अशा माणसाला गोखरू पाजणं म्हणजे भरल्या हौदात आणखी पाणी सोडणं. लातूरला एका म्हाताऱ्याला त्याच्या मुलांनी माझ्या वडिलांना न विचारता तांब्यामागून तांब्या काढा पाजला होता. तो किती ओरडत होता ते मला अजून आठवतं. पळसाच्या फुलांनी काही झालं नाही. शेवटी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रबरी नळी घातली तेव्हा सुटका झाली. वडील घरी येऊन म्हणाले, ‘नळीला आपल्याकडे पर्याय नाही.’ एवढं बोलून हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मला त्यांचं ते आवडलं होतं.

पुरुष गिऱ्हाइकांत अर्धापूरचे एक पाटील आहेत. केळीची गाडी घेऊन बाजारच्या दिवशी येतात. एका साली त्यांना मुतखड्यानं लोळवलं. मी कुळथाचं कढण आणि सालीचा काढा सांगितला आणि काही दिवसांनी खडा पडला. पाटलांनी तो धुऊन, पुसून तपकिरीच्या डबीत ठेवला आहे. दुकानात गिऱ्हाईक असलं की डबी उघडतात.

“बघा. तुरीएवढा हाय का न्हाई?”

“पाटील, बाई धने घ्यायला आली आहे. तिला कशाला दाखवता?”

“वैदीणबाई, तुमचीच जाहिरात करून राहिलो, आन् तुम्हीच रागावता!”

आमच्या सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांनाही त्यांनी ती डबी दाखवली. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले, मूळचे औरंगाबादकडचे. हुशार आणि घाईचा माणूस. त्यांनी खडा नखावर घेऊन पाहिला आणि मला म्हणाले, “हा पडायच्याच मापाचा होता. तुमच्या कुळथानं पडला की कुळथाबरोबर पोटात गेलेल्या पाण्यानं, हे कोण सांगणार?”

मी म्हटलं, “मग नुसतं पाणी प्यायला सांगा आणि बघा, किती लोक पितात.”

ते हसले. आमचा हा वाद जुना आहे. त्यांचं म्हणणं असं, की गोखरूनं लघवी वाढत असावी, जुन्या लोकांनी उगाच लिहिलेलं नाही. पण वाढते ती किती गोखरूनं आणि किती पाण्यानं, हे मोजून कुणी दाखवलेलं त्यांच्या वाचनात नाही. आणि लघवीत पू झाला, थंडी वाजून ताप आला, तर गोखरूच्या भरवशावर राहू नये. हे मला मान्य आहे. थंडीताप ऐकला की मी पुडी बांधत नाही, दवाखान्यात पाठवते. त्यांच्याकडे काचेची नळी आहे. तीत लघवी घेऊन दिव्यावर तापवतात आणि गढूळ होते का ते पाहतात. मी एकदोनदा उभी राहून पाहिलं आहे. भिजवून, कुटून, उकळून मी आयुष्य काढलं, पण उकळून काय पाजायचं एवढंच बघत आले. उकळून काय दिसतं हे तिथं पाहिलं.

तर त्या पंचमीला मी सराटे बडवत असताना डॉक्टरांचा शिपाई बोलवायला आला. साहेब रागात होते.

विषय देशमुखांच्या सुनेचा होता. नदीकडच्या आळीत त्यांचं मोठं घर आहे. जहागीरदारांच्या रीतीनं त्यांच्या बायकाही गोषात असतात. सून यमुना, लातूरची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. श्रावणात तिला उन्हाळी लागली, मग थंडीताप आला. तिच्या सासूबाई मला बोलवून म्हणाल्या की औषध द्या. मी सांगितलं की आधी डॉक्टर. डॉक्टरांनी पडद्याआडून प्रश्न विचारले, बाटलीतून लघवी मागवली, तापवली, त्यात पू सापडला. लढाईमुळे दुर्मिळ झालेल्या सल्फाच्या गोळ्या त्यांनी हैदराबादेहून मागवल्या. देताना बजावलं, ‘ह्या गोळ्यांवर पाणी भरपूर पाहिजे. पाणी कमी पडलं तर गोळीचेच बारीक खडे मूत्रपिंडात धरतात.’ नुसतं पाणी ती पिणार नाही हे ओळखून त्यांनीच मला सांगितलं, ‘तुमचा काढा पातळ करून मोठं भांडं भरून रोज पाठवा. औषध म्हटलं की पितील.’ इतक्या वर्षांच्या वादात त्यांनी माझा मुद्दा तेवढा उचलला होता. मी रोज पितळी चरवी भरून पाठवत होते आणि चरवी संध्याकाळी रिकामी, घासून परत येत होती.

दवाखान्यात गेले तर डॉक्टरांच्या टेबलावर बाटली होती.

“बघा. पाण्यासारखी स्वच्छ. पू नाही, रक्त नाही. पाणी भरपूर पितेय हे उघड आहे. मग ताप का उतरत नाही? त्यांची नोकरीण सांगते, उलट्या होताहेत, कंबर धरलीय. तुम्ही काढ्यात आणखी काही घालताय का?”

“गोखरू, धने, वाळा.”

“आजपासून बंद करा.”

“करते. पण तुमच्या गोळ्या चालू, माझा काढा बंद, तर पाणी कशातून जाणार?”

ते बाटलीकडे बघत राहिले. मला त्यांचा राग आला नाही. मीही घासलेल्या चरवीवर विश्वास ठेवला होता, ते बाटलीवर ठेवत होते. मी म्हटलं, “मी एकदा पोरीला बघून येते.”

देशमुखांकडे पितृपक्षाची गडबड होती. बैठकीत पाहुणे, स्वयंपाकघरात डाळ वाटण्याचा आवाज. यमुनाची खोली देवघराला लागून, खिडकी परसाकडे. मी खिडकीपाशी जरा थांबले. खाली अळू होतं, परसातलं बाकीचं अळू गुडघ्याएवढं आणि हे तेवढं कमरेला लागेल असं. मुळाशी धन्यांचा चोथा पडला होता. काढा मी गाळत नाही, चोथा तळाशी राहू देते. म्हणजे देशमुखांच्या पितरांना त्या वर्षी गोखरूवर पोसलेलं अळू मिळणार होतं.

पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. जीभ कोरडी. मी ओटीपोटावर हात ठेवला. मऊ. रिकामं. विहिरीतच पाणी नव्हतं.

“लघवी कधी झाली?”

तिनं पांघरूण ओढून घेतलं. मी दार लावून घेतलं आणि गिरजाबाईला, म्हणजे बाटली पोचवणाऱ्या नोकरणीला, समोर बसवलं. “गिरजा, आत्ता बाटली भरून दे. मी घेऊन जाते.”

“आत्ता? सकाळच्याला देते की.”

“आत्ता.”

गिरजानं पोरीकडे पाहिलं, पोरीनं डोळे मिटले. मग गिरजा म्हणाली, “वैदीणकाकू, ती बाटली माझीच असती.”

“कधीपासून?”

“गोळ्या लागल्यापासून. हिला होतच न्हाई. झालं तर चमचाभर, तांबडंलाल. दवाखान्यात रिकामी बाटली कशी न्यावं? साहेब वरडत्यात. आन् ही हातापाया पडती, कुणाला सांगू नको म्हून.”

इतके दिवस डॉक्टरसाहेब गिरजाबाईची तब्येत तपासत होते. ती ठणठणीत होती.

मी यमुनाला उठवून बसवलं. “काढा का ओतलास?”

“प्यायलं की जावं लागतं.”

“मग जायचं.”

“कुठं?” तिनं खिडकीकडे हात केला. “भिंत पडलीय, काकू.”

तेव्हा मी परसाकडे नीट पाहिलं. न्हाणी आणि तिच्यामागची बायकांची जागा ज्या मातीच्या भिंतीआड होती, ती पावसात बसली होती. तिच्यापलीकडे घाटाचा रस्ता. दिवसभर माणसांची ये-जा. पहाटे अंधारात एकदा आणि रात्री अंधारात एकदा, असा या घरातल्या बायकांचा महिना चालला होता. मधल्या वेळात तहान लागली तरी तोंड ओलं करायचं नाही. गोळी मात्र सासू समोर उभी राहून गिळायला लावायची.

“लातूरला आमच्याकडे मागं बाभळीचं कुंपण होतं,” यमुना म्हणाली. मग सासूच्या कानावर जाऊ नये म्हणून हळूच म्हणाली, “आत्याबाई म्हणतात, एक महिना झाला, पोरीचं दुखणं हटत न्हाई. रोगट असली तर लातूरला धाडून देऊ. काकू, तुम्ही सांगू नका. मी बरी होते.”

“तू बरी होत नाहीयेस,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सासूबाई दाराशी आल्याच होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, बाटलीचंही. गिरजा पदर तोंडाला लावून उभी. त्यांनी तिला एक शिवी दिली आणि मग माझ्याकडे वळल्या.

“आमची अवघी हयात अशीच गेली, वैदीणबाई. आम्ही न्हाई कधी आजारी पडलो.”

“वहिनीसाहेब, धने न्यायला तुमच्याकडून माणूस दर महिन्याला येतं. ते धने आमटीला जातात का?”

त्यांनी परसाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “भिंत घटस्थापनेनंतर घालायची ठरलीय. पितृपक्षात नवं काही उभारत न्हाईत. नवी चीज घरात आणीत न्हाईत.”

“तोवर खोलीत भांडं ठेवा.”

“देवघराला लागून? पानं वाढायची त्या घरात?”

मी तिथं वाद घातला नाही. ज्या घरात रीत मोडायला कुणी तयार नसतं, तिथं रितीतली फट शोधावी, वेळ वाचतो. मी सरळ दवाखाना गाठला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकले. “म्हणजे बाटलीनं मला बनवलं आणि चरवीनं तुम्हाला.”

“हो.”

“गोळी आत्ताच्या आत्ता बंद. खायचा सोडा देतो, पाण्यातून थोडा थोडा द्या. पाणी, तुमचा काढा, ताक, जे पोटात ठरेल ते, पण पोटात गेलं पाहिजे. उद्या दुपारपर्यंत लघवी सुटली नाही, तर रेल्वेनं हैदराबादेला न्यायचं. माझ्याकडे इथं पुढचं काही नाही.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि उद्याची बाटली तुम्ही स्वतः घेऊन या. गिरजाबाईची नको.”

सोडा मी देशमुखांकडे पोचता केला. अंधार पडल्यावर यमुना प्यायली, कारण अंधारात जाता येतं. पण अंधारापुरतं पाणी पुरणार नव्हतं. दुपारपर्यंतचा वेळ उजेडाचा होता.

ती मुलगी पुढं बरी झाली, हे सांगून टाकते. दसऱ्यापर्यंत अशक्त होती, मग सावरली. तिच्या दुखण्याच्या मुळाशी असलेल्या पुवाला पुढं डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या दिल्या, पाण्यासकट. लातूरला ती गेली ती दिवाळसणाला, आणि परतही आली. गोखरूनं किती काम केलं, सोड्यानं किती, पाण्यानं किती, याबद्दल डॉक्टर आणि मी अजून वाद घालतो. माझ्याकडे धने मागायला आलेल्या बाईला मात्र मी आता ओटीपोट बघायच्या आधी विचारते, “तुमच्या घरी जायची जागा कुठं आहे?” बऱ्याच जणींचं दुखणं तिथंच सापडतं, आणि त्यावर माझ्या दुकानात पुडी नाही, हेही मी त्यांना सांगते. काहीजणी चिडतात. एकीनं सांगितलं की मी औषध विकायचं सोडून घरं बघायला लागले आहे.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. उजाडताच मी दुकान न उघडता केळीच्या अड्ड्यावर गेले. पाटलांची गाडी नुकतीच येऊन थांबली होती. केळीला ऊन लागू नये म्हणून गाडीला चारी बाजूंनी बांबूच्या तट्ट्या बांधलेल्या असतात. जुन्या, काळ्या पडलेल्या.

“पाटील, तट्ट्या सोडा.”

“आन् माझी केळी?”

“केळी झाडाखाली लावा. तुमच्या डबीतल्या खड्याची आण.”

“खड्याची आण घालता व्हय!” पाटील हसले आणि दोर सोडायला लागले. कशाला पाहिजे, हे त्यांनी गाडी देशमुखांच्या परसात उभी राहीपर्यंत विचारलं नाही. तिथं पडकी भिंत पाहिली आणि त्यांनी विचारायचं सोडूनच दिलं.

सासूबाई मागच्या दारात आल्या. “वैदीणबाई, पितृपक्ष हाय म्हणलं ना?”

“नवं काही नाही, वहिनीसाहेब. तट्ट्या जुन्या आहेत, केळीच्या डागासकट. आणि उभारत कुणी नाही. बांधतो आहोत.”

त्यांनी तट्टीला हात लावून पाहिला. डाग खरेच होते. त्या बाजूला झाल्या. पाटलांनी पडक्या भिंतीतच बांबू रोवले, मी सुतळी आवळली, आणि ते केळी राखायला परत गेले. मी आत जाऊन काढा ओतला आणि यमुनासमोर धरला. ती खिडकीबाहेर बघत होती.

परसात सासूबाई अजून तट्ट्यांपाशी उभ्या होत्या. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, बैठकीकडे पाहिलं, न्हाणीतला तांब्या उचलला, पदर सावरला आणि तट्ट्यांच्या आड गेल्या. चांगलं ऊन वर आलं होतं.

यमुनानं माझ्या हातातलं भांडं घेतलं आणि तोंडाला लावलं. मी पुन्हा भरलं. मग पुन्हा. मध्येच तिनं ओकून काढलं, तेव्हा मी जरा थांबले आणि मग घोटघोट दिलं. सूर्य डोक्यावर यायच्या आत ती गिरजाच्या खांद्याला धरून उठली. मी बाटली घेऊन मागोमाग गेले आणि तट्टीबाहेर उभी राहिले.

बाटली तळाला चार बोटं भरली. लाल होती, गढूळ होती, खाली वाळूसारखं काही बसत होतं. मी तिला बूच लावलं, पदराखाली धरली आणि दवाखान्यात जाऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

“ही तिची,” मी म्हटलं.